न्यूमॅटिक व्हाइस एम-कोडवर घेताना: व्हॉल्व्ह, प्रेशर स्विच आणि लॅडर

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीतल्या एका युनिटमध्ये फानुक ०आय-एमएफ कंट्रोलची व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचे सीएनसी मिलिंग मशीन, आहे. टेबलवर सहा इंची दोन न्यूमॅटिक व्हाइस, म्हणजे हवेच्या दाबाने जॉब (कापायचा तुकडा) धरणारे शिकंजे, बसवलेत. कोल्हापूरहून येणाऱ्या एसजी आयर्न (एक प्रकारचे चिवट ओतीव लोखंड) कास्टिंगचा ब्रॅकेट पहिल्या व्हाइसवर एका बाजूने होतो आणि दुसऱ्यावर उलटून दुसऱ्या बाजूने. सध्या ऑपरेटर हाताने लिव्हर व्हॉल्व्ह फिरवतो. आता हे प्रोग्रॅममधून व्हायला हवे आहे. इलेक्ट्रिशियनचे म्हणणे असे की एअर ब्लोचा, म्हणजे चिप्स उडवायच्या हवेचा, एम-कोड (प्रोग्रॅममधून उपकरण चालवायची आज्ञा) वापरात नाही, त्याच्या आउटपुटवर एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेच्या कॉइलने चालणारा) टाकू, दोन्ही व्हाइस त्यावरच घेऊ आणि एम-कोडपुढे दोन सेकंदांचा जी०४ (ठरावीक वेळ थांबण्याची आज्ञा) देऊ. चालेल का?

व्हाइस उघडेल आणि मिटेलही. तरी हा जोड करू नका. उघडझाप हा या कामातला सोपा भाग आहे. प्रश्न येतो तो लाईट गेल्यावर, हवा कमी पडल्यावर, रिसेट दाबल्यावर किंवा कोणी मधूनच प्रोग्रॅम सुरू केल्यावर. एअर ब्लोचा आउटपुट बहुतेक मशीनवर रिसेटने, प्रोग्रॅम संपवणाऱ्या एम३० ने आणि इमर्जन्सी स्टॉपने बंद होतो. ब्लोसाठी ते योग्यच आहे. पण त्याच आउटपुटवर ‘चालू म्हणजे क्लॅम्प’ असे ठरवलेत, तर काहीतरी बिनसतेय म्हणून घाबरून ऑपरेटर रिसेट दाबेल, आणि स्पिंडल अजून गरगरत असताना व्हाइस जॉब सोडून देईल. घाबरून दाबायचे बटणच अपघात घडवणारे ठरेल.

म्हणून सुरुवात एम-कोडपासून न करता व्हॉल्व्हपासून करा. एकच गोष्ट ठरवा: वीज नसताना व्हाइस कुठल्या स्थितीत राहायला हवा?

एका कॉइलचा, स्प्रिंग रिटर्नचा ५/२ व्हॉल्व्ह (पाच पोर्ट, दोन स्थिती) घेतला तर वीज गेल्यावर स्प्रिंग त्याला ठरावीक बाजूला नेते. पाइप उलटसुलट लावून ती बाजू क्लॅम्पची करता येते, म्हणजे कॉइल चालू असेल तेव्हाच व्हाइस उघडा. मशीनिंग चालू असताना हे उत्तम. पण लोडिंगचा विचार करा. ऑपरेटरचा हात जॉच्या, म्हणजे व्हाइसच्या जबड्यांच्या, मध्ये आहे, कास्टिंग पॅरलल ब्लॉकवर बसवतोय, आणि नेमकी त्याच क्षणी लाईट गेली. लाइनमध्ये हवा आहेच, व्हाइस तत्काळ मिटणार. सकाळी कॉम्प्रेसर चालू करतानाही हेच, हवा आली की कोणीही न सांगता जॉ धावणार.

दोन कॉइलच्या ५/२ व्हॉल्व्हमध्ये हा त्रास नाही. क्लॅम्पच्या कॉइलला अर्धा सेकंद पल्स दिला की स्पूल (व्हॉल्व्हमधला सरकता दांडा) त्या बाजूला जातो आणि पल्स संपला तरी तिथेच राहतो. वीज गेली, रिसेट झाला, इमर्जन्सी दाबली, काहीही झाले तरी व्हाइस होता तसाच. उघडा असेल तर उघडा, मिटलेला असेल तर मिटलेला. माणूस लोडिंग करतो अशा मशीनवर मी हाच व्हॉल्व्ह सुचवतो. फक्त तीन पथ्ये पाळा. दोन्ही कॉइल एकाच वेळी चालू होऊ शकणार नाहीत असे लॅडरमध्ये, म्हणजे कंट्रोलच्या आतल्या पीएलसी प्रोग्रॅममध्ये, बांधा. व्हॉल्व्ह आडवा बसवा, कारण डिटेंट (जागी अडकवणारी खाच) नसलेला स्पूल उभा ठेवला तर मशीनच्या थरथरीने सरकू शकतो. आणि कंट्रोल चालू होताना लॅडरच्या पहिल्या फेरीत (स्कॅनमध्ये) कुठलीही कॉइल ओढली जाणार नाही हे पाहा. व्हॉल्व्हवरचे हाताने दाबायचे छोटे बटण लॉक न होणारे घ्या आणि व्हॉल्व्ह झाकणाच्या पेटीत ठेवा. स्क्रू ड्रायव्हरने ते टोचून व्हाइस उघडायची सवय शॉपमध्ये फार लवकर लागते.

५/३ क्लोज्ड सेंटर व्हॉल्व्हही कोणीतरी सुचवेल, ‘मध्ये आला की दोन्ही बाजू बंद, हवा अडकून राहते’ म्हणून. स्पूल व्हॉल्व्ह आतून थोडा थोडा गळतोच. जॉब धरून ठेवायला तो नको.

हवा गेली तर काय, हा याहून मोठा प्रश्न. विजेसाठी व्हॉल्व्हची स्थिती पुरते, हवेसाठी नाही. क्लॅम्पच्या लाइनवर, व्हाइसच्या शक्य तितक्या जवळ, पायलट ऑपरेटेड चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पायलट लाइनला दाब मिळाल्याशिवाय हवा परत न सोडणारा व्हॉल्व्ह, लावा. त्याचा पायलट अनक्लॅम्पच्या लाइनमधून घ्या. व्हाइस मिटलेला असताना अनक्लॅम्पची लाइन एक्झॉस्टला असते, त्यामुळे चेक व्हॉल्व्ह बंद राहतो आणि मागे पाइप फुटला, व्हॉल्व्ह बिघडला, कॉम्प्रेसर बंद पडला तरी सिलिंडरमधली हवा तिथेच कोंडलेली राहते. त्याच्या आधी, एफआरएलनंतर (फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटरनंतर), पाच लिटरची टाकी साध्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसह बसवा. हिशेब सोपा आहे: पुरवठा तुटला आणि टाकीपुढच्या भागात मिनिटाला एक लिटर मोकळी हवा गळत असेल, तर पाच लिटरच्या टाकीतला दाब ६ बारवरून ५ वर यायला पाच मिनिटे लागतात. फीड थांबवून स्पिंडल वर घ्यायला तेवढा वेळ भरपूर झाला. शिवाय टूल चेंजला ड्रॉबार (स्पिंडलमधला टूल धरणारा दांडा) हवा ओढतो तेव्हा येणारा झटकाही व्हाइसपर्यंत पोचत नाही. व्हाइसची हवा मशीनच्या स्वतःच्या एफआरएलच्या पुढून घेऊ नका. आधीच टी मारून वेगळे एफआरएल लावा.

चेक व्हॉल्व्ह लावलात की मेन्टेनन्सच्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागेल. मेन हवा बंद केली तरी हा व्हाइस दाबाखाली असतो. चेक व्हॉल्व्ह आणि सिलिंडरच्या मध्ये हाताने सोडायचा छोटा ब्लीड व्हॉल्व्ह ठेवा आणि शेजारी मराठीत पाटी लावा.

इमर्जन्सी स्टॉपबद्दल एक गैरसमज इथे दूर करतो. ‘इमर्जन्सीला सगळी हवा डंप करा’ असे अनेक जण शिकून आलेले असतात. पुशर, ग्रिपर, गेट यांच्यासाठी ते बरोबर असेल, जॉब धरणाऱ्या उपकरणासाठी मुळीच नाही. इमर्जन्सी दाबल्यावर स्पिंडल लगेच उभा राहत नाही. आठ हजार आरपीएमवरून थांबेपर्यंत काही सेकंद जातात, आणि त्या सेकंदांत जॉब सुटला तर तो दाराच्या काचेवर जाऊन आदळतो. मशीनवर आधीच डंप व्हॉल्व्ह असेल तर व्हाइसची लाइन त्याच्या अलीकडून घ्या.

आता जोर. सहा इंची म्हटल्याने व्हाइसचा जोर कळत नाही. आतल्या पिस्टनचा व्यास पाहावा लागतो. समजा तो १०० मिमी आहे. क्षेत्रफळ ७,८५४ चौरस मिमी, ६ बार म्हणजे ०.६ न्यूटन प्रति चौरस मिमी, म्हणून सरळ जोर ४,७०० न्यूटनच्या आसपास, साधारण ४८० किलो. आता कापण्याचा जोर पाहा. ६३ मिमीचा फेस मिल १५० मीटर प्रति मिनिट वेगाने चालतोय आणि ५ किलोवॅट खातोय असे धरा. सेकंदाला २.५ मीटर, म्हणजे सरासरी जोर २,००० न्यूटन. इन्सर्ट जॉबमध्ये शिरतानाचे धक्के यात धरलेलेच नाहीत. गुळगुळीत जॉ आणि मशीन केलेली बाजू असेल तर घर्षणाचा गुणांक ०.१५ धरावा. दोन्ही जॉ मिळून घर्षण दुप्पट होते. अडीचपट सुरक्षा धरली तर लागणारा जोर १६,५०० न्यूटनच्या पुढे, म्हणजे पावणेदोन टनांच्या जवळपास जातो. सरळ सिलिंडर यात कुठेच बसत नाही. म्हणून न्यूमॅटिक व्हाइसमध्ये वेज (पाचर), लिव्हर किंवा हवेवरून तेलाचा दाब वाढवणारा बूस्टर असतो. चारपट वेज असेल तर कागदावर १८,८०० न्यूटन मिळतात, आणि घर्षणात त्यातले बरेच खर्ची पडतात.

आणि दुपारी सगळी मशीन चालू असताना लाइन ४.५ बारवर आली, की हा जोर त्याच प्रमाणात पंचवीस टक्के घटतो. व्हाइस मिटलेलाच दिसतो. जॉब मात्र फेसिंगच्या दुसऱ्या पासला सरकतो आणि तुम्ही इन्सर्ट बदलत बसता. पहिल्या ऑपरेशनला कच्चे कास्टिंग धरताना दातेरी जॉ लावा, तिथे खरखरीत पृष्ठभागात दात रुततात. दुसऱ्या ऑपरेशनला मशीन केलेली बाजू धरायची आहे, तिथे वरचा हिशेब काटेकोर पाळावा लागेल.

यावरून प्रेशर स्विचकडे येतो. तो कुठे लावायचा, यात सर्वांत जास्त घोळ होतो. सोयीचा म्हणून तो एफआरएलवर बसवतात. तिथला स्विच सांगतो की कॉम्प्रेसरची हवा येतेय. व्हाइसचा पाइप चिप्सने कापला गेला तरी तो बराच वेळ ‘सगळे ठीक’ म्हणत राहील. स्विच चेक व्हॉल्व्ह आणि सिलिंडरच्या मध्ये, क्लॅम्पच्या पोर्टवरच हवा. सप्लाय ६ बार असेल तर ५ वर सेट करा, ०.३ बार हिस्टेरिसिस (स्विच लागण्याच्या आणि सुटण्याच्या दाबातला फरक) द्या. संपर्क नॉर्मली ओपन घ्या, म्हणजे वायर तुटली तर ‘क्लॅम्प नाही’ असेच वाचले जाईल. एसएमसी किंवा फेस्टोचा आकडा दाखवणारा डिजिटल स्विच घेतला तर ऑपरेटरलाही दाब दिसतो. त्यासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी जाऊ द्या.

पण प्रेशर स्विच एकच गोष्ट सांगतो: सिलिंडरमध्ये दाब आहे. जॉब धरला आहे, हे तो सांगत नाही. व्हाइस रिकामा असला, पिस्टन स्ट्रोकच्या टोकाला जाऊन टेकला, तरी दाब पूर्ण ६ बारच दिसतो. न्यूमॅटिक व्हाइसचा पॉवर स्ट्रोक लहान असतो, बऱ्याच मॉडेलमध्ये काही मिलिमीटरच. तुमचे कास्टिंग जागोजागी एखादा मिलिमीटर कमीजास्त येणार. पार्टिंग लाइनवर (साच्याच्या जोडावर) फ्लॅश, म्हणजे बाहेर आलेली पातळ कड, असेल तर आणखी जास्त. छोटे कास्टिंग आले आणि स्ट्रोक संपला, तर जॉ जॉबला जेमतेम टेकेल आणि सगळा जोर व्हाइसच्या स्वतःच्या शरीरावर जाईल. स्विच हिरवा, जॉब सैल.

म्हणून जॉच्या हालचालीवर दोन प्रॉक्सिमिटी सेन्सर (स्पर्श न करता जागा ओळखणारे) ठेवा: एक पूर्ण उघडा, दुसरा पूर्ण मिटलेला. ‘दाब आहे, उघडा नाही आणि पूर्ण मिटलेलाही नाही’ हे तिन्ही जुळले तरच जॉब धरला असे मानायचे. पूर्ण मिटलेल्याचा सेन्सर लागला तर सरळ अलार्म, कारण आत जॉब नाही किंवा लहान आहे. स्ट्रोकच्या मधल्या भागात धरले जाईल अशा रीतीने जॉ सेट करणे हे सेटरचे काम.

दुसऱ्या ऑपरेशनला जॉब खाली नीट टेकलाय का, हेही विचारता येते. रेस्ट पॅडमध्ये छोटे भोक पाडून त्यातून हवा सोडायची. जॉब टेकला की हवा अडते, खाली चिप अडकली असेल तर सुटत राहते. हा फरक ओळखणारे सेन्सर एसएमसीचे आयएसए मालिकेत आणि फेस्टोचे एसओपीए नावाने मिळतात. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी फट ते पकडतात. तुमच्या ब्रॅकेटला दुसऱ्या बाजूची समांतरता घट्ट असेल तर हा खर्च वसूल होतो. नसेल तर एअर गनने पॅड साफ करायची शिस्त पुरे.

आता एम-कोड. समजा क्लॅम्पला एम७० आणि अनक्लॅम्पला एम७१ घेतला. आकडे मशीन बनवणाऱ्याच्या यादीत मोकळे असतील ते घ्या, हेच हवेत असे नाही. फानुकमध्ये एम-कोड आला की कंट्रोल त्याचा आकडा एफ१० पासूनच्या पत्त्यांवर ठेवतो आणि एफ७.० हा स्ट्रोब (‘कोड आला’ असा इशारा) देतो. लॅडरने जी४.३ वर फिन (‘काम झाले’ असा सिग्नल) दिल्याशिवाय प्रोग्रॅम पुढे जात नाही. जी०४ ची गरज इथेच संपते. फिन द्यायचे ते वरचे तिन्ही सिग्नल जुळून ०.३ सेकंद टिकल्यावर. तीन सेकंदांत जुळले नाहीत तर अलार्म, आणि त्याच्या मजकुरात नेमके काय कमी आहे ते लिहा: ‘व्हाइस १ दाब कमी’, ‘व्हाइस १ रिकामा’. नुसते ‘क्लॅम्प एरर’ लिहिलेत तर रात्रपाळीचा ऑपरेटर काय शोधणार?

दोन सेकंदांचा जी०४ वाईट का, तेही सांगतो. १०० मिमी पिस्टन आणि ६ मिमी स्ट्रोक धरला तर सिलिंडरची जागा ४७ घन सेमी. ५ मिमी आतला व्यास असलेला चार मीटर पाइप असेल तर नुसत्या पाइपचीच जागा ७८ घन सेमी होते. म्हणजे व्हॉल्व्ह लांब इलेक्ट्रिकल कॅबिनेटमध्ये ठेवला तर तुम्ही व्हाइसपेक्षा पाइपच जास्त भरत असता. चांगल्या हवेवर हे सगळे अर्ध्या सेकंदात होते, मग दोन सेकंद कशाला वाया घालवायचे? आणि सकाळी लाइन रिकामी असताना, किंवा सायलेन्सर तेलकट मळाने चोंदलेला असताना, तेच दोन सेकंद अपुरे पडतात. ठरावीक वेळ एकतर फुकट जातो, नाहीतर कमी पडतो.

एकाच ब्लॉकमध्ये हालचाल आणि एम-कोड असेल तर लॅडरमध्ये एफ१.३ म्हणजे हालचाल संपल्याचा सिग्नल घ्या. नाहीतर झेड वर जात असतानाच व्हाइस उघडेल. दोन्ही एम-कोड पॅरामीटर ३४११ ते ३४२० मध्ये टाका, म्हणजे कंट्रोल त्यांच्या पुढचे ब्लॉक आधी वाचून ठेवणार नाही. मॅक्रोमध्ये (अटी आणि गणित असलेल्या प्रोग्रॅममध्ये) #१००० पासूनचे इनपुट वाचून तपासणी करायची असेल तर हे विसरून चालणार नाही. अन्यथा मॅक्रो व्हाइस मिटण्याच्या आधीची स्थिती वाचून मोकळा होतो आणि तुम्ही सेन्सर बदलत बसता.

इथे माझे ठाम मत आहे. माणूस लोडिंग करतोय तोपर्यंत एम७० ने व्हाइस मिटवूच नका. ऑपरेटर कास्टिंग बसवतो, हाताने खाली दाबतो, स्टॉपरला टेकवतो, मग स्वतः पायाच्या स्विचने क्लॅम्प करतो आणि जॉब हलवून बघतो. तो बघण्याचा क्षण प्रोग्रॅमला हिरावून घेऊ देऊ नका. एम७० चे काम फक्त विचारणे: धरलाय का? धरला असेल तर फिन, नसेल तर अलार्म. तुम्हाला सायकल टाइम वाचवायचा आहे, पण दार लावून मग व्हाइस मिटवण्यात तो वाचत नाही. लिव्हरपर्यंत हात न्यावा लागत नाही म्हणून पेडलने जे सेकंद वाचतात तेच खरे. रोबो लोडिंग असेल तर गोष्ट वेगळी, तिथे प्रोग्रॅमनेच मिटवावे लागते.

आणि हे विचारणे फक्त प्रोग्रॅममध्ये असेल तर अर्धेच काम झाले. टूल तुटले, ऑपरेटरने एन-नंबर (प्रोग्रॅमच्या ओळीचा क्रमांक) शोधून मधूनच सुरू केले, की वरच्या ओळीतला एम७० वगळला जातो. म्हणून खरी अट लॅडरमध्ये घाला: ‘जॉब धरला’ नसेल तर ऑटो मोडमध्ये सायकल स्टार्ट आणि स्पिंडल स्टार्ट मिळणार नाही. अनक्लॅम्प तेव्हाच, जेव्हा स्पिंडल शून्य वेगावर असेल, म्हणजे एफ४५.१ आलेला असेल आणि ऑटो सायकल चालू नसेल. प्रोग्रॅममधल्या एम७१ साठी सायकलची अट सोडा, पण झेड होमला असल्याची अट जोडा. सेटिंग करताना व्हाइस काढून फिक्स्चर बसवाल तेव्हा ही अट आड येईल, म्हणून ‘व्हाइस वापरात आहे/नाही’ असा कीप रिले (वीज गेली तरी स्थिती लक्षात ठेवणारा लॅडरमधला बिट) ठेवा आणि तो सेटरच्या पासवर्डखाली ठेवा. असा अधिकृत मार्ग ठेवला नाहीत तर कोणीतरी प्रेशर स्विचच्या टर्मिनलवर जंपर (सिग्नल कायम चालू दाखवणारी तार) मारेल आणि तो जंपर वर्षानुवर्षे तसाच राहील. कुठल्याही जुन्या मशीनचे पॅनेल उघडा, एखादा तरी सापडेल.

कटिंग चालू असताना दाब पडला तर? स्पिंडल लगेच बंद करू नका. कटर जॉबमध्ये रुतलेला असताना थांबला तर दोन्ही जातात. आधी फीड होल्ड आणि सोबत अलार्मचा दिवा. ऑपरेटर येऊन झेड वर घेतो, मग स्पिंडल. टॅपिंगमध्ये मात्र फीड होल्ड लगेच लागू होत नाही, टॅप बाहेर आल्यावरच थांबतो. म्हणूनच टाकी आणि चेक व्हॉल्व्हवर मी इतका जोर दिला. लॅडर फक्त कळवतो, जॉब धरून ठेवते ती कोंडलेली हवाच.

दोन व्हाइस एका व्हॉल्व्हवर घेऊ नका. पहिल्यावर कच्चे आणि दुसऱ्यावर अर्धे झालेले कास्टिंग आहे, बॅचच्या सुरुवातीला आणि शेवटी एक व्हाइस रिकामा राहणारच. वेगळे व्हॉल्व्ह, वेगळे स्विच, वेगळे रेग्युलेटर. दुसऱ्या ऑपरेशनला बोअर असेल आणि क्लॅम्प सोडल्यावर तो अंडाकृती निघत असेल, तर रफिंगला ६ बार आणि फिनिशिंगला २.५ बार असे दोन दाब देता येतात. पण एक बारकावा लक्षात घ्या. वेजचा कोन साडेआठ अंशांपेक्षा कमी असेल, तर ०.१५ घर्षणाला तो स्वतःच अडकून बसतो. नुसता दाब उतरवल्याने जॉबवरचा जोर उतरत नाही. व्हाइस एकदा उघडून कमी दाबाने पुन्हा मिटवावा लागतो, आणि तेवढ्यात जॉब सरकू नये म्हणून साइड स्टॉपर लागतो. हाच गुण हवा गेल्यावर उपयोगी पडतो, म्हणून आपला व्हाइस सेल्फ-लॉकिंग आहे का, हे कॅटलॉगमध्ये आधी पाहा.

पेडलबद्दल. वरून झाकण असलेले दोन पेडल घ्या, एक क्लॅम्पचे, एक अनक्लॅम्पचे. एकाच पेडलवर उघडझाप ठेवली तर पाय दोनदा पडतो. अनक्लॅम्प एक सेकंद दाबून ठेवल्यावरच व्हावे. उघड्या जॉ आणि जॉबमधली फट ४ मिमीच्या आत ठेवा, बोट आत जाऊ शकत नाही. तुमच्या कास्टिंगच्या फरकाला २ ते ३ मिमी पुरतील.

कॉइल २४ व्होल्ट डीसीची, सर्ज डायोड असलेली. फानुकच्या आय/ओ कार्डावरच्या एका आउटपुटला साधारण २०० मिलीअँपिअरची मर्यादा असते आणि ३ वॅटची कॉइल १२५ घेते. तरी मध्ये रिले टाका. कूलंट कनेक्टरमध्ये गेल्यावर शॉर्ट झाला तर रिले जाईल, कार्ड वाचेल.

पाइपांवर मात्र हात आखडता घेऊ नका. साध्या पीयू (पॉलियुरेथेन) पाइपवर गरम चिप पडली की भोक पडते, म्हणून टेबलवरच्या भागात स्टीलची वेणी असलेला होज घ्या. टेबल एक्समध्ये पूर्ण धावते तेव्हा होज कुठे ताणतो, कुठे दाराच्या पट्टीत अडकतो, हे जॉगवर पाहून मगच क्लिप मारा. आणि व्हाइस स्प्रिंगने उघडणारा असेल तर त्याच्या स्प्रिंगच्या बाजूला श्वास घेणारे एक छोटे भोक असते. पिस्टन मागेपुढे होताना तिथून हवा आत-बाहेर होते. ते भोक कूलंटमध्ये उघडे ठेवलेत तर व्हाइस दर सायकलला कूलंट पितो. एसजी आयर्नची बारीक काळी पूडही त्यासोबत आत जाते आणि काही महिन्यांत सील कापते. त्या भोकाला पाइप लावून तो मशीनच्या बाहेर काढा. तुमच्या कामात आयर्नची पूड आहे म्हणून हे खास सांगतोय.

पावसाळ्यात पुणे परिसरात कॉम्प्रेसरच्या लाइनमध्ये पाणी किती येते ते वेगळे सांगायला नको. रेफ्रिजरेटेड ड्रायर नसेल तर निदान टाकीला आणि एफआरएलला ऑटो ड्रेन लावा, फिल्टर ५ मायक्रॉनचा घ्या. टी मारताना मुख्य पाइपच्या वरच्या बाजूने मारा, खालून मारलीत तर लाइनमधले पाणी थेट व्हाइसला येईल.

लॅडर बदलायला मशीन वॉरंटीत असेल तर बनवणाऱ्याच्याच सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा. अनेकांनी लॅडरमध्ये फिनसकट मोकळे एम-कोड आधीच ठेवलेले असतात. लॅडर उघडूच देत नसतील, तर चौथ्या ॲक्सिसच्या क्लॅम्प-अनक्लॅम्पचे एम-कोड पाहा. बऱ्याच मशीनवर ते एम१० आणि एम११ असतात, त्यांना कन्फर्मेशनचे इनपुट असते, आणि चौथा ॲक्सिस नसेल तर ते रिकामे पडलेले असतात. मात्र रिसेटला ते आउटपुट काय करतात हे मीटर लावून पाहिल्याशिवाय जोडू नका.

सगळे जोडून झाल्यावर, पहिला जॉब घ्यायच्या आधी, स्पिंडलमध्ये टूल न लावता हे करून पाहा. क्लॅम्प करून मेन हवा बंद करा आणि डिजिटल स्विचवरचा आकडा पंधरा मिनिटांनी पुन्हा वाचा. ०.२ बारपेक्षा जास्त पडला तर साबणाचे पाणी घेऊन सांधे तपासा. क्लॅम्प असताना मेन स्विच पाडा, पुन्हा चालू करा, व्हाइस हलता कामा नये. हेच व्हाइस उघडा ठेवूनही करा. रिकामा व्हाइस मिटवून सायकल स्टार्ट द्या, अलार्म यायला हवा. प्रेशर स्विचची वायर काढा, ‘दाब कमी’चा अलार्म यायला हवा. हवेत प्रोग्रॅम चालवून मध्ये रिसेट द्या, मग इमर्जन्सी, दोन्ही वेळा जॉब हाताने हलवून पाहा. स्पिंडल ५०० आरपीएमवर फिरत असताना, दार बंद ठेवून, अनक्लॅम्पचे पेडल दाबा. काहीच व्हायला नको. प्रोग्रॅमच्या मध्यावर एन-नंबर शोधून व्हाइस उघडा असताना सुरू करून पाहा. यातली प्रत्येक गोष्ट रात्रपाळीच्या ऑपरेटरसमोर करा, म्हणजे कुठला अलार्म कशाचा हे त्यालाही कळेल.